सुटी शेटजीची, उपास मजुराचा

दिवाळी जवळ आली कीं शहरांतल्या वर्तमानपत्रांचीं पानें जाहिरातींनीं भरून जातात. कोणी म्हणतो सोनें घ्या, कोणी म्हणतो मोटार घ्या, कोणी म्हणतो फराळाचे डबे परदेशीं पाठवा. ज्या घरचा कर्ता माणूस कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखालीं राबतो, त्या घरीं मात्र याच दिवसांत निराळाच हिशेब चाललेला असतो. धनत्रयोदशीच्या आसपास कारखान्याचें फाटक बंद होतें, तें लाभपंचमीनंतर उघडतें. कधीं आठ दिवस, कधीं दहा. माल पडून असला तर पंधराहि. या दिवसांचा रोज मिळत नाहीं. शेवटची पाळी सुटतांना ठेकेदार सांगतो, "आतां सुटी. मजा करा. फोन करीन तेव्हां या." मजा कशावर करावयाची हें तो सांगत नाहीं, आणि विचारण्याची छाती कोणाला होत नाहीं, कारण सुटीनंतर फोन कोणाला करावयाचा व कोणाला नाहीं, हें त्याच्याच हातीं असतें.

हा प्रकार आम्ही अच्छाड गांवीं डोळ्यांनीं पाहतों, म्हणून लिहितों. देशावरच्या वाचकांना हें गांव ठाऊक नसेल. पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत, मुंबई-अहमदाबाद हमरस्त्यावर, जेथें महाराष्ट्राची हद्द संपते तेथें अच्छाड आहे. पुढें भिलाड, आणि भिलाड म्हणजे गुजराथ. १ मे १९६० पूर्वीं ही हद्द नव्हतीच. सारा मुलूख ठाणें जिल्ह्याच्या उंबरगांव तालुक्यांत मोडत असे. राज्यें वेगळीं झालीं, उंबरगांव तिकडे गेलें, तलासरी इकडे राहिली. मग तिकडे उंबरगांव, सरीगाम, वापी येथें जी. आय. डी. सी. च्या वसाहती वाढल्या. इकडेहि हद्दीलगत लहानमोठे कारखाने झाले, आणि डहाणूस फुग्यांचे कारखाने आहेतच. अच्छाड, झरी, उपलाट, आमगांव, उधवा या गांवांतून पहाटेच्या अंधारांत जीप-टेम्पो भरून माणसें निघतात. बहुतेक वारली, कोकणा, धोडी, दुबळे यांचींहि पोरें असतात, आणि डबे भरणें, माल वेचणें, खोकीं बांधणें या कामांवर बायाहि पुष्कळ. यांचें नांव कारखान्याच्या मस्टरांत नसतें. तें ठेकेदाराच्या वहींत असतें, आणि वही ठेकेदाराच्या खिशांत असते.

आम्ही पडलों शाळामास्तर. आमची दिवाळीची सुटी सरकारी परिपत्रकानें जाहीर होते आणि सुटींतला पगार बिनबोभाट खात्यांत जमा होतो. तेव्हां या विषयावर लिहितांना आम्हांस थोडी शरमच वाटते. पण शरमेपेक्षां मोठी गोष्ट घडली ती सांगतों. मागें एका दिवाळीच्या सुटीनंतर शाळा उघडली, तेव्हां चौथीच्या वर्गांतला एक मुलगा आला नाहीं. चार दिवस वाट पाहून आम्ही त्याच्या पाड्यावर गेलों. कुडाच्या भिंतीला दप्तर टांगलेलें, घरांत एकटी म्हातारी आजी. तिनें सांगितलें तें असें. बाप हद्दीपलीकडच्या एका कारखान्यांत ठेकेदाराकडे होता. दहा दिवसांची सुटी सांगितली होती. अकराव्या दिवशीं तो गेला तर उत्तर मिळालें, "ऑर्डर नाहीं, आठ दिवसांनीं या." घरांत पैसा नव्हता, किराणावाल्याची उधारी आधींच फुगलेली. तेवढ्यांत वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर आला, त्यानें उचल पुढें केली, आणि नवरा, बायको, तिन्ही मुलें भिवंडीकडे भट्टीवर गेलीं. मुलगा जूनमध्यें परत आला. उंचीनें वाढला होता, गुणाकार विसरला होता. कारखान्याच्या वहींत या साऱ्याची नोंद एका अक्षरानें झाली असेल: गैरहजर.

सुटी हा शब्द आमच्या चळवळीला नवा नाहीं. "दीनबंधु"चे संपादक, जोतीरावांचे अनुयायी, रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे यांनीं या एका शब्दासाठीं सहा वर्षें हाडांचीं काडें केलीं. १८८४ च्या सप्टेंबरांत त्यांनीं परळास गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपांच हजार कामगारांच्या वतीनें अर्ज केला. आठवड्यांतून एक दिवस, रविवारीं, सुटी असावी. दुपारीं अर्धा तास विसांवा मिळावा. महिन्याचा पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेच्या आंत हातीं पडावा. आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला तो बरा होईपर्यंत पगार मिळावा. २४ एप्रिल १८९० रोजीं महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारें दहा हजार कामगार जमले. त्या सभेंत दोन बायांनींहि भाषणें केलीं. अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुटी कबूल केली. आज कचेरींतला साहेब रविवारीं सकाळीं आठ वाजेपर्यंत लोळतो, त्या लोळण्यामागें गिरणींतल्या मराठ्या-माळ्या-महारांच्या सह्या आणि अंगठे आहेत, हें त्या साहेबाला कोणी शाळेंत शिकवीत नाहीं. असो.

सांगावयाचें तें हें कीं त्या जुन्या अर्जांत सुटी आणि पगार हे दोन विषय एकमेकांच्या शेजारीं बसले आहेत. जखमी माणूस काम करूं शकत नाहीं, तरी त्याला पगार द्या, असें मागण्याची हिंमत त्या माणसानें १८८४ सालीं केली. मजुराला विसांवा पाहिजे, पण पोट बांधून नको, असा आम्ही त्याचा अर्थ घेतों. ती सुटी मजुरानें मागितलेली होती. आजची ही सुटी त्याच्यावर लादलेली आहे. मालकाला आपल्या गांवीं जावयाचें असतें, व्यापाऱ्याची पेढी बंद असते, यंत्राला तेलपाणी करावयाचें असतें, क्वचित् मालच खपत नसतो. या सर्व सोयी मालकाच्या. त्यांच्यासाठीं फाटक लावलें, आणि बाहेर राहिलेल्याला म्हटलें, तुला सुटी! नदीला पूर आला म्हणून पैलतीरीं अडकून पडलेल्या माणसाला पाहुणा म्हणण्यासारखेंच हें आहे.

आणि सण तरी कोणाचा? वारल्याचा मोठा सण होळी. शिमग्याला तो कोठेंहि असला तरी घरीं येणार, चैत्री पुनवेला डहाणूच्या महालक्ष्मीची जत्रा करणार. त्या वेळीं फाटक उघडें असतें. जो घरीं राहिला त्याला खाडा, आणि दोनचार खाडे झाले कीं गच्छंति. म्हणजे त्याच्या सणाला त्यानें कामावर असावें, आणि शेटजीच्या सणाला त्यानें उपाशी बसावें, असा हा पंचांगाचा न्याय आहे.

शेतकरी बंधूंनो, ही गोष्ट तुमच्या गोठ्यांत नेऊन पाहा. पोळ्याच्या दिवशीं बैलाच्या मानेवर जूं ठेवीत नाहींत. पण म्हणून त्या दिवशीं त्याची वैरण कोणी बंद करतो काय? उलट त्या दिवशीं त्याला न्हाऊं घालतात, शिंगें रंगवितात, पुरणाची पोळी चारतात. भर उन्हाळ्यांत दोन महिने नांगर उभा असतो, तेव्हांहि कडब्याची पेंढी टाकावीच लागते. न टाकली तर मृगाला बैल उठावयाचा नाहीं, हें अडाण्यांतला अडाणी कुणबी जाणतो. सालगड्याचें जिणें कांहीं सुखाचें नव्हतें, पण पाडव्यापासून पाडव्यापर्यंत साल ठरलें कीं धन्याच्या घरच्या सणाचा दिवस त्याच्या सालांतून कोणी कापीत नसे. आम्ही सालदारीचा गौरव करीत नाहीं. बिनशिकल्या धन्यालाहि जो हिशेब कळत होता, तो शिकलेल्या कारखानदाराला कां कळूं नये, एवढेंच विचारतों.

अच्छाडपासून झरी दूर नाहीं. २३ मे १९४५ रोजीं त्या झरीस सुमारें पांच हजार वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर हीं किसान सभेचीं पुढारी तेथें होतीं. यापुढें वेठ करावयाची नाहीं, आणि दिवसाला बारा आणे रोख मिळाल्यावांचून जमीनदाराच्या शेतांत पाय ठेवावयाचा नाहीं, असें त्या लोकांनीं ठरविलें आणि पाळलें. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरास तलवाड्याला गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि आणखी चार माणसें पडलीं. गोदावरीबाईंनीं पुढें १९७० सालीं "जेव्हा माणूस जागा होतो" या पुस्तकांत हें सारें लिहून ठेविलें आहे. त्या पिढीनें, काम करून दाम न मिळण्याचा प्रकार जीव देऊन बंद पाडला. तिच्या नातवंडा-पणतवंडांच्या नशिबीं आतां वेठीची उलटी बाजू आली आहे. हात तयार, अंगांत बळ, कामावर जाण्याची इच्छा, आणि तरी घरीं बसावयाचा हुकूम. हुकूम दुसऱ्याचा आणि त्याची किंमत भरणार हा. वेठींत मजुराचा दिवस जमीनदार फुकट घेई. येथें मजुराचा दिवस कोणीच घेत नाहीं, तरी तो फुकटच जातो.

याला जोडून उचलीचा फांस येतो. दिवाळीच्या तोंडावर ठेकेदार मोठ्या मनानें दोनतीन हजार रुपये पुढें करतो. मजुराला वाटतें, माणूस चांगला आहे. तो चांगला असेलहि. पण हे पैसे बक्षीस नव्हेत, बोनस नव्हे, रजेचा पगारहि नव्हे. फाटक बंद राहिल्यामुळें जो रोज बुडाला, तोच भरून काढण्यासाठीं मजुरानें काढलेलें हें कर्ज आहे, आणि पुढल्या तीन महिन्यांच्या पगारांतून तें कापलें जातें. कापलें जाईपर्यंत दुसरीकडे चार पैसे जास्त मिळत असले तरी जातां येत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या आधीं सिमिंग्टन नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें याच मुलखाची चौकशी करून सरकारला लिहिलें होतें कीं लग्नासाठीं काढलेल्या थोड्या कर्जापायीं वारली जन्मभर सावकाराचा गडी होऊन राहतो. १९७६ सालीं वेठबिगारी बंद करण्याचा कायदा झाला. लग्नगडी गेला, हें खरें. पण सुटीचा गडी जन्माला आला आहे, आणि त्याच्याकडे अजून कोणा साहेबाचें लक्ष गेलेलें नाहीं.

आतां कायद्याचा हिशेब मांडतों. वाचकांनीं हा भाग सावकाश वाचावा; स्वतःला वाचतां येत नसेल त्यानें घरच्या मुलाकडून वाचवून घ्यावा, कारण यांत आपलेच पैसे आहेत.

१९४८ च्या कारखाना कायद्याप्रमाणें, ज्यानें वर्षांत २४० दिवस काम केलें त्याला दर वीस दिवसांमागें एक दिवस पगारी रजा मिळे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्र सरकारनें चार नव्या कामगार संहिता लागू केल्या. मजुराचें हित त्यांत वाढलें कीं घटलें यावर मोठा वाद आहे आणि त्यांतल्या पुष्कळ गोष्टी आम्हांलाहि पसंत नाहींत; पण एक कलम कामाचें आहे. २४० च्या ठिकाणीं आतां १८० दिवस पुरेसे आहेत. हिशेब तोच: वीस दिवसांमागें एक. ठेकेदारामार्फत लागलेला माणूसहि यांत येतो. तेव्हां जानेवारीपासून दिवाळीपर्यंत ज्यानें २०० दिवस भरले, त्याची १० दिवसांची पगारी रजा त्याच्या नांवें जमा झालेली असते. रोज ४०० रुपये धरला तर हे ४,००० रुपये झाले. आणि दिवाळीची बंदी किती दिवसांची? दहा!

म्हणजे दिवाळीचे दहा दिवस घरीं चूल पेटती राहील इतका पैसा मजुरानें आपल्या घामानें आधींच कमावून ठेविलेला आहे. त्यासाठीं कोणाच्या दयेची गरज नाहीं, आंदोलनाचीहि नाहीं. पण तो पैसा त्याच्या हातीं पडत नाहीं, आणि ठेकेदार वर त्यालाच उचल देऊन उपकार करतो! आपल्याच कणगींतले दाणे आपल्यालाच वाढीदिढीनें देणारा सावकार आमच्या आजोबांनीं पाहिला होता. त्याची आठवण आम्हांस येथें येते.

हा पैसा बुडतो कसा, तेंहि पाहा. एक तर हजेरी एकाच नांवावर सलग ठेवीत नाहींत. सहा महिने झाले कीं मधें "ब्रेक", किंवा ठेक्याचें नांवच बदलतें. काल नवऱ्याच्या नांवानें होता तो आज बायकोच्या नांवानें. माणूस तोच, यंत्र तेंच, पण दिवस पुन्हां एकपासून मोजावयाचे. वास्तविक कामावरून काढलें किंवा माणूस आपण होऊन गेला, तरी तोंपर्यंत जमलेल्या रजेचे पैसे चुकते करावे लागतात. पण मागतो कोण? दुसरें म्हणजे बंदीच्या दिवसांची नोंद. मालाचा सांठा झाला, वीज नाहीं, कच्चा माल नाहीं, यंत्र मोडलें, अशा कारणानें मालकाला काम देतां येत नसेल तर त्याला कायद्यांत "ले-ऑफ" म्हणतात. ले-ऑफचे दिवस १८० दिवसांच्या मोजणींत धरले जातात. तेच दिवस वहींत "गैरहजर" म्हणून मांडले कीं मजुराची मोजणी घटते. एका शब्दाच्या फरकानें रोजहि गेला आणि रजाहि गेली.

ले-ऑफ असेल तर अर्धा पगार द्यावा, असें १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यांत मागाहून आलेलें तत्त्व नव्या संहितेंतहि राहिलें आहे. पण कारखान्यांत पन्नास माणसें पाहिजेत, मजुराची वर्षाची सलग नोकरी पाहिजे, मस्टरांत नांव पाहिजे. बदली आणि नैमित्तिक कामगार त्यांतून वगळलेले. ज्याला त्यांतून निसटावयाचें, त्याला वाटा पुष्कळ. ठेकेदारीवर देखरेख ठेवणारा १९७० चा कायदा मूळांत वीस माणसांच्या ठेकेदाराला लागू होता. नव्या संहितेंत ती मर्यादा पन्नास झाली. तेव्हां पन्नासावा माणूस न ठेवणारे, किंवा एकाच आवारांत तीन नांवांनीं तीन ठेके चालविणारे लोक आतां पुष्कळ दिसूं लागतील, आणि त्यांना हुशार म्हटलें जाईल.

बोनसचीहि एक गंमत आहे. वर्षांत निदान तीस दिवस काम केलेल्याला कमींत कमी ८.३३ टक्के, म्हणजे जेवढें कमावलें त्याचा बारावा हिस्सा, बोनस द्यावा असें १९६५ सालच्या कायद्यानें सांगितलें आणि नव्या वेतनसंहितेनें तें ठेविलें आहे. आमच्या बाजूला अनेक ठिकाणीं हा बारावा हिस्सा अर्धा किलो मिठाईच्या खोक्यांत मावतो.

कोणी म्हणेल, मास्तर, ज्या दिवशीं काम नाहीं त्या दिवसाचे पैसे कशाचे? प्रश्न साधा आहे, उत्तरहि साधें आहे. कारखाना बंद असतां बॅंक त्या दहा दिवसांचें व्याज सोडते काय? जागेचें भाडें, पहारेकऱ्याचा पगार, कचेरींतल्या कायम कारकुनाचा पगार बंद होतो काय? हे सर्व खर्च मालक निमूट भरतो, कारण कारखाना म्हटला कीं हे येणारच, असें तो धरून चालतो. माणसाचें पोट तेवढें त्याच्या धरण्यांत येत नाहीं. यंत्राला दिवाळींत तेल मिळतें, तें यंत्र चालविणाऱ्याच्या घरीं कढईंत पडत नाहीं.

ठेकेदाराचीहि बाजू सांगितली पाहिजे, नाहींतर आम्ही अन्याय करूं. तो बहुधा गोरागोमटा शेटजी नसतो. तो आमच्याच गांवचा, कधीं आमच्याच जातीचा, काल आपणहि टेम्पोंत उभा राहून जाणारा. त्याला मालक माणसामागें, दिवसामागें बिल देतो. फाटक बंद तर त्याचेंहि बिल बंद. तो स्वतःच्या खिशांतून दहा दिवस पन्नास माणसें पोसूं शकत नाहीं, हें खरें. परंतु रजेचा पैसा त्यानें ठेका घेतांना दरांत धरून मागावयास पाहिजे होता. तो मागत नाहीं, कारण मागितला तर शेजारचा ठेकेदार दोन रुपये कमी दरानें काम घेऊन जाईल. अशा रीतीनें आमचेच दोघे भाऊ एकमेकांच्या दरावर उड्या मारतात, आणि वरचा माणूस हिंडोळ्यावर बसून बघतो. जो पूर्वीं पाटीलकीच्या तोऱ्यानें वागला त्यावर आम्हीं या पत्रांतून कोरडे ओढले आहेत. ठेकेदारीच्या तोऱ्यालाहि आम्ही सोडणार नाहीं. पण मुख्य जबाबदारी फाटक लावणाऱ्याची, हें विसरतां कामा नये.

हें दुखणें एकट्या अच्छाडचें नाहीं. २४ मार्च २०२० च्या रात्रीं टाळेबंदी जाहीर झाली तेव्हां साऱ्या देशालाच बिनपगारी सुटी मिळाली. २९ मार्चला केंद्रीय गृहखात्यानें हुकूम काढला कीं पगार न कापतां द्यावा. मालकांनीं त्याविरुद्ध न्यायालय गांठलें. १८ मेपासून हुकूम मागें घेतला गेला. १२ जूनला सर्वोच्च न्यायालयानें मालक-कामगारांनीं आपसांत बोलून मिटवावें असें सुचविलें. ज्याच्या फोनवर ठेकेदार उत्तर देत नव्हता तो आपसांत बोलणार कोणाशीं? सुरतेच्या एका मोठ्या हिरे कारखान्यानें ऑगस्ट २०२४ मध्यें सुमारें पन्नास हजार कामगारांना दहा दिवसांची सुटी जाहीर केली. त्या वेळीं ना दिवाळी होती, ना होळी. माल खपत नाहीं, हेंच कारण. निदान तेथें कारण तरी उघड सांगितलें. दूर अमेरिकेंत सरकारचें अंदाजपत्रक अडलें कीं सरकारी कचेऱ्या बंद पडतात; २०१८ च्या नाताळांत सुरू झालेली अशी बंदी ३५ दिवस चालली. तेथें २०१९ पासून कायदाच आहे कीं बंदी उठल्यावर सरकारी नोकराला मागचा पगार मिळावा. पण त्याच इमारतींत ठेकेदारातर्फे झाडलोट करणारा, पहारा करणारा, जेवण वाढणारा माणूस त्या कायद्याच्या बाहेर आहे. भाषा निराळी, चलन निराळें, पण वही ठेकेदाराच्याच खिशांत.

आणि दूर तरी कशाला जावें? आमच्या शिक्षणाच्या धंद्यांतच तासिका तत्त्वावर शिकविणारे तरुण आहेत. तासाला पैसे, सुटी लागली कीं तास नाहीं, तास नाहीं कीं पैसा नाहीं. तोच फळा, तींच मुलें, त्यांच्या शेजारच्या वर्गांत आम्ही कायमचे मास्तर. दिवाळीच्या सुटींत आम्ही फराळ करतों आणि ते भातकापणीला मजुरीनें जातात. सरकारच जर असा ठेकेदार झालें तर वापीच्या शेटजीला नांवें ठेवतांना आमचा आवाज थोडा खालीं येतो.

अच्छाडच्या मजुराची आणखी एक अडचण आहे. त्याचें फाटक गुजराथेंत, चूल महाराष्ट्रांत. तक्रार करावयाची तर जेथें कारखाना तेथल्या सरकारकडे, म्हणजे परक्या भाषेंतल्या कचेरींत, एक दिवसाचा रोज बुडवून. इकडचा अधिकारी म्हणतो, आमच्या हद्दीबाहेर. ज्याला आमच्या मतांची गरज असते तो पुढारी पांच वर्षांतून एकदां हद्द ओलांडून जी. आय. डी. सी. च्या फाटकाशीं उभा राहून पत्रकें वांटतो, हें आम्हीं पाहिलें आहे. तेव्हां हद्द तेवढी आडवी येत नाहीं. दोन्ही राज्यांच्या कामगार अधिकाऱ्यांनीं दिवाळीपूर्वीं एक दिवस नाक्यावर येऊन बसावें, मजुरांच्या वह्या पाहाव्या, ही मागणी कांहीं आकाशांतला चंद्र मागण्यासारखी नाहीं. तलासरी हा अनुसूचित क्षेत्रांतला तालुका. १९९६ च्या पेसा कायद्यानें येथल्या ग्रामसभेला मान दिला आहे. गांवांतून किती माणसें ठेक्यावर जातात, कोणाकडे जातात, किती दिवस भरतात, याची यादी ग्रामसभेनें करावयास हरकत कोणती? बंदीच्या तारखा महिनाभर आधीं फळ्यावर लिहाव्या, त्या दिवसांची नोंद "गैरहजर" न करतां "कारखाना बंद" अशी करावी, आणि जमलेल्या रजेचे पैसे दिवाळीच्या आधींच्या पगारांत घालावे, एवढें ठेकेदारांकडून गांवानें मिळून वदवून घ्यावें. एकट्यानें विचारलें तर फोन येत नाहीं. चाळीस जणांना फोन न करून ठेकेदार जाईल कोठें?

त्यासाठीं प्रत्येकानें आपली वही ठेवली पाहिजे. दोन पैशांची वही. तारीख, पाळी, कारखान्याचें नांव, आणि पगार मिळाला त्या दिवशीं रक्कम. शाळेंत जाणारें मूल रोज रात्रीं लिहील. अक्षर वांकडें असलें तरी चालेल.

गेल्या आठवड्यांत आमच्या शाळेंतल्या एका मुलीनें अशी वही आणून टेबलावर ठेविली. बापाच्या पाळ्या जानेवारीपासून तिनें लिहिल्या होत्या. होळीच्या चार खाड्यांपुढें तिनें प्रामाणिकपणें काट मारली होती. वर्गांतल्या मुलांना आम्हीं तींच उदाहरणें घातलीं. एकंदर भरले २००, भागिले वीस, उत्तर दहा. मुलीनें तें वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईनें लिहून घेतलें. तिचा बाप आणि त्याच टेम्पोंतले सतरा जण येत्या सोमवारीं वह्या घेऊन ठेकेदाराच्या घरीं जाणार आहेत. आम्हींहि बरोबर यावें असा त्यांनीं आग्रह केला, आणि शाळा सुटल्यावर आम्ही जाणार आहों. ठेकेदार काय म्हणाला तें पुढच्या अंकीं छापूं.